चौकाबाहेरची चित्रं

डहाणू रोडला उतरलं की गावभर भिंतींवर वारली माणसं नाचताना दिसतात. दोन त्रिकोणांचं अंग, गोल डोकं आणि घोळक्याच्या मधोमध तारपा वाजवणारा. बँकेच्या भिंतीवरसुद्धा. बँकेनं यातल्या किती जणांना कर्ज दिलं, हा प्रश्न मी रिक्षात बसेपर्यंत गिळला.

इथे कर्जाचा इतिहास वाईट आहे. जंगल, कुरणं, शेती सावकार-जमीनदारांच्या हाती गेलेली. लग्नापुरते उसने घेतलेले पैसे फेडायला नवरा-बायको धन्याच्या घरी जन्मभर राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. २३ मे १९४५ ला तलासरीजवळच्या झरी गावी किसान सभेचा मेळावा भरला. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्यासोबत हजारो वारल्यांनी वेठ बंद करायचं ठरवलं. १० ऑक्टोबरला तलवाड्यात गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी गेले. लाल बावटा या पट्ट्यात रुजला तो तेव्हापासून.

रिक्षा चिकूच्या वाड्या मागे टाकून गंजाडला पोचते. हे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचं गाव. मूळ चित्र सवाशिणींचं: लग्नात गेरूनं सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाचा चौक, आत पालघट देवी. धवलेरी गाणी म्हणत लग्न लावते. भटाचं काम नसतं. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद घेऊन आले आणि जिव्यांचं चित्र चौकाबाहेर पडलं. २०११ मध्ये जिव्यांना पद्मश्री मिळाली. ज्या लग्नापायी माणसं गहाण पडली, त्याच लग्नातल्या चित्रानं त्यांचं नाव जगभर नेलं. नाव झालं ते मात्र बहुतेक पुरुषांचं. चौकावर सही नसायची.

हल्लीच्या चित्रांत आगगाडी, मोटारसायकल दिसली की शहरी रसिक ‘अस्सलपणा’ गेल्याची हळहळ करतात. मला ती पटत नाही. कागदावरची वारली कला झरीच्या मेळाव्यापेक्षाही वयानं लहान आहे. तिच्यात आगगाडी उपरी कशी?

एका स्लॅबच्या घरी आजीबाई भेटल्या. नातीचं लग्न ठरलंय. सिमेंटच्या भिंतीवर गेरू फासून चौक काढणार, म्हणाल्या. डीजेही सांगितलाय, पण तो धवलेरीनंतर. अडचण डीजेची नाहीच. आसपासच्या पाड्यांना मिळून एकच धवलेरी उरलीय, तिला मोकळा दिवस असेल त्यावर लग्नाची तारीख धरायची आहे.