सॉलोमनकाठचे निकोडेमस

अमेरिका म्हटली म्हणजे आमच्या सुशिक्षित घरांतून तिच्या दोन किनाऱ्यांचाच काय तो विचार होतो. कोणाचा मुलगा न्यू जर्सीस असतो, कोणाची नात कॅलिफोर्नियात. खुशाली येते ती तेथूनच. मधला जो अफाट सपाट मुलूख विमानाच्या खिडकीतून सोंगट्यांच्या पटासारखा चौकटीचौकटींचा दिसतो, त्याची विचारपूस करण्याचे कारण कोणास पडत नाही. आम्हांस मात्र लहान गावांच्या हकीकतींची हौस फार. अमुक गाव तेथेच का वसले, त्याने पाणी कोठून आणले, त्याचा बाजार कोणी मोडला, हे प्रश्न आम्हांस राजेरजवाड्यांच्या वंशावळींपेक्षा अधिक गोड वाटतात. या हौसेपायीच नकाशा चाळता चाळता आम्ही कॅन्सस राज्यातील निकोडेमस या गावापाशी येऊन अडकलो, आणि त्याविषयी मिळेल तेवढे वाचल्यावाचून आमच्याने पुढे जाववेना.

कॅन्सस हे राज्य अमेरिकेच्या पोटात, अगदी मध्यावर आहे. त्याच्या वायव्य अंगास ग्रॅहम नावाचा परगणा असून त्यातून सॉलोमन नदीचा दक्षिणेकडील फाटा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. नदी म्हटली तरी तिच्याविषयी फार मोठी कल्पना करून घेऊ नये. आमच्याकडील माणगंगेसारखीच ती. वाळू पुष्कळ आणि पाणी बेताचे. तिच्या उत्तरेच्या अंगास थोड्या अंतरावर निकोडेमस आहे. येथून पश्चिमेस जवळच पृथ्वीचे शंभरावे पश्चिम रेखांशवृत्त जाते, आणि या गावाचे सारे नशीब त्या रेषेने लिहिले आहे असे म्हणावयास हरकत नाही. या रेषेच्या आसपास वर्षाचा पाऊस वीस इंचांवर येऊन ठेपतो. पूर्वेस जावे तसा तो वाढतो, पश्चिमेस जावे तसा घटतो. वीस इंच पाऊस म्हणजे काय, हे माण-खटावच्या शेतकऱ्यास सांगावे लागणार नाही. बरे, तोही वर्षाकाठी नेमाने वीस पडेल तर एक वेळ चालेल; पण एका साली तीस आणि पुढील साली बारा, असा त्याचा लहरी कारभार. त्यात झाड म्हणून नाही. नदीकाठच्या चार झुडपांपलीकडे क्षितिजापर्यंत गवतच गवत, हिवाळ्यात हाडे गोठविणारे वारे आणि उन्हाळ्यात होरपळ.

अशा मुलखात १८७७ साली जे लोक वस्ती करावयास आले, ते केंटकी राज्यातील जॉर्जटाउनच्या परिसरातले कृष्णवर्णीय होते. त्यांतील पुष्कळांचा जन्म गुलामगिरीतला. लिंकनचे १८६३ चे प्रसिद्ध मुक्तिपत्र केंटकीस लागूच नव्हते. तेथील गुलामांची बेडी कायद्याने तुटली ती १८६५ च्या डिसेंबरात, अमेरिकेच्या घटनेत तेरावी दुरुस्ती झाली तेव्हा. बेडी तुटली, पण जमीन कोणी दिली नाही. ज्या धन्याचे शेत कसावयाचे त्याचेच पुढे वाट्याने कसावयाचे. वर दंगेखोर टोळ्यांची दहशत निराळीच. तिकडे १८६२ च्या वसाहत कायद्याने सरकार असे सांगत होते की, कोणीही प्रौढ मनुष्याने पश्चिमेकडील सरकारी पडीतून १६० एकर जमीन धरावी, पाच वर्षे तेथे राहून ती कसावी, किरकोळ फी भरावी, आणि ती आपल्या नावावर करून घ्यावी. ज्यांच्या बापजाद्यांची नावे आजवर धन्याच्या मालमत्तेच्या यादीत गुराढोरांशेजारी लिहिली जात होती, त्यांस स्वतःच्या नावाचा उतारा मिळण्याची आशा म्हणजे काय वाटली असेल, याची कल्पना करावी.

या आशेस भांडवल करून १८७७ च्या एप्रिलात निकोडेमस टाउन कंपनी निघाली. तिच्यात डब्ल्यू. एच. स्मिथ व सायमन राउंडट्री हे कृष्णवर्णीय पुढारी होते, आणि डब्ल्यू. आर. हिल हा एक गोरा जमीनदलाल होता. गावाच्या नावाविषयी दोन मते आहेत. कोणी बायबलातील निकोडेमसाकडे बोट दाखवितात, तर कोणी त्याच नावाच्या एका दंतकथेतील गुलामाकडे. हेन्री क्ले वर्क याने १८६४ साली या गुलामावर रचलेले गीत त्या काळी लोकांच्या तोंडी होते, म्हणून आम्हांस दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. कंपनीने केंटकीत पत्रके वाटली. त्यांत काळ्या कसदार मातीचे व सुबत्तेचे जे वर्णन होते, ते वाचून आमच्याकडील जमिनी-बंगल्यांच्या जाहिराती लिहिणाऱ्यांनीही मान खाली घालावी. तरी मातीविषयी ती पत्रके खोटी नव्हती. जे सांगावयाचे ते पावसाचे मात्र सांगितले नाही.

सप्टेंबर १८७७ मध्ये तीनशेंहून अधिक माणसांचा मोठा तांडा आला. आगगाडी एलिस या ठाण्यापर्यंतच. तेथून पुढे सुमारे पस्तीस मैल पायी. पुढच्या वसंतात, म्हणजे १८७८ साली, डॅनियल हिकमन नावाच्या धर्मोपदेशकाबरोबर आणखी एक तुकडी आली. त्यांची पत्नी विलियाना हिने पुढे वृद्धपणी सांगितलेली हकीकत नमूद आहे, आणि आमच्या वाचकभगिनींस ती विशेष लागेल म्हणून येथे तिचा सारांश देतो. एलिसला गोवराची साथ लागली आणि तुकडीतील काही मुले तेथेच दगावली. उरलेल्यांनी होकायंत्र हाती धरून, हरणांच्या व रानगव्यांच्या पायवाटांनी दोन दिवस वाट तुडविली. अखेर पुढे चाललेली माणसे निकोडेमस आले म्हणून ओरडू लागली. विलियाना चहूंकडे पाहते तो गाव कोठेच नाही! तिने पतीस विचारले. त्याने जमिनीतून जागोजाग वर येणारा धूर बोटाने दाखविला. घर म्हणून जमिनीवर काही नव्हतेच. माणसे उतारात खणलेल्या विवरांतून, वर गवताच्या मुळ्यांसकट कापलेल्या मातीच्या ढेपा रचून राहत होती. ते पाहून ती बाई रडू लागली. केंटकीची गर्द झाडी सोडून आलेली, मुलाबाळांची ती आई. तिला रडू आले यात नवल ते काय? लग्न होऊन परक्या मुलखात पाऊल टाकणाऱ्या आमच्या आज्या-पणज्यांना निदान उंबरठा तरी दिसत असे.

आलेल्यांपैकी सुमारे साठ कुटुंबे आल्या पावली परत फिरली. जमीनदलालावर लोक असे संतापले की, त्यास काही काळ तोंड लपवावे लागले. (पुढे याच गृहस्थाच्या नावाने वसलेले हिल सिटी परगण्याचे मुख्य ठाणे झाले. दैवाचे फासे हे असे पडतात.) पहिल्या हिवाळ्यात उपासमारीची पाळी आली, तेव्हा शिकारीहून परतणाऱ्या ओसेज जमातीच्या इंडियन लोकांनी आपल्या शिधासामग्रीतून या नवख्यांस अन्न दिले, असे तेथील जुनी माणसे सांगत आली आहेत. ज्यांचा मुलूख हिरावून घेतला गेला त्यांनी, ज्यांना कधी मुलूखच नव्हता त्यांस जेवू घालावे, ही गोष्ट आम्हांस फार विलक्षण वाटते. सरपणास लाकूड नव्हते. जनावरांचे वाळलेले शेण आणि सूर्यफुलांची देठे जाळीत. गोवरीवर स्वयंपाक करणारे आपणच काय ते, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. घोडी-खेचरे अवघी थोडी, तेव्हा कित्येकांनी कुदळ-फावड्याने ती चिवट हरळी उलथून दाणे पेरले. बायका मागे राहून शेत सांभाळीत, आणि पुरुष दूरदूर चालत जाऊन मजुरी करीत. एवढ्या हलाखीतही १८७९ साली गावाने सभा भरवून बाहेरची मदत मागणे यापुढे बंद, असे ठरविले. निकोडेमसच्या साऱ्या इतिहासात आम्हांस हा ठराव सर्वांत मोलाचा वाटतो.

पुढील काही वर्षे पावसाने साथ दिली आणि गाव जमिनीवर आले. चुनखडीच्या दगडाची घरे उठली. झॅकरी फ्लेचर यांनी उपाहारगृहासह सेंट फ्रान्सिस हॉटेल काढले. टपालही तेच पाहात. देवळे झाली, शाळा झाली. दोन वृत्तपत्रे निघाली, आणि साहित्यमंडळ, वाद्यवृंद व बेसबॉलचा संघदेखील स्थापन झाला. या गावातून पुढे आलेले एडवर्ड मॅकेब हे परगण्याचे कारकून होऊन १८८२ साली कॅन्ससचे राज्य-हिशेबतपासनीस निवडून आले. विवरातून धूर निघाल्यास पाच वर्षेही नीट झाली नव्हती.

आता आगगाडीची गोष्ट. १८८७ च्या मार्चमध्ये गावाने मिसूरी पॅसिफिक कंपनीस रूळ आणण्यासाठी १६,००० डॉलरचे रोखे देण्याचे मतदानाने ठरविले. बोलणी फिसकटली. पुढील वर्षी युनियन पॅसिफिकचे रूळ आले खरे, पण नदीच्या दक्षिण तीराने. आणि सुमारे सहा मैलांवर जेथे मजुरांचा तळ पडला होता तेथे बोग हे नवे गाव वसले. दुकानदार एकामागून एक नदी ओलांडून तिकडे गेले. आगगाडीने आडगावाची पेठ होते आणि पेठेचे आडगाव, हे आमच्या वडीलधाऱ्यांनी या देशातही पाहिले आहे. परंतु ज्या गावाने अकरा वर्षांत शून्यातून सर्व उभे केले, त्यास एका उथळ नदीचा पैलतीर भोवावा, हे वाचताना मन कष्टी होते.

पाऊस तर काही रूळ पाहून पडत नाही. विलियाना जेव्हा रडली त्याच १८७८ साली जॉन वेस्ली पॉवेल या भूगर्भशास्त्रज्ञाने सरकारास कोरडवाहू प्रदेशाविषयी अहवाल सादर केला होता. वीस इंचांच्या पश्चिमेस पाटपाण्यावाचून १६० एकरांवर संसार चालावयाचा नाही, गुरेचराईस तर २,५६० एकर हवेत, असे त्याने स्पष्ट लिहिले होते. ते कोणी ऐकले नाही. नांगर चालला म्हणजे पाऊस आपोआप मागे येतो, हे मत तेव्हा मोठमोठ्या विद्वानांच्या तोंडी होते! १९३० नंतरच्या दशकात अवर्षण आले आणि नांगरटीने उघडी पडलेली माती आभाळात उडाली. धुळीच्या त्या वर्षांत कुटुंबेच्या कुटुंबे डेन्व्हर, टोपीका, कॅलिफोर्नियाकडे निघून गेली. १९३९ साली सरकारी रोजगार-योजनेतून चुनखडीची पंचायत-कचेरी बांधली गेली, ती जणू उरलेल्यांना एकत्र बसावयास जागा असावी म्हणून. १९५३ साली टपालकचेरी बंद झाली. २०२० च्या शिरगणतीत तेथील वस्ती वीसांच्याही आत भरली.

एवढ्यावरून पुष्कळ लेखक निकोडेमसला फसलेली वसाहत म्हणतात. आम्हांस हे मान्य नाही. ते लोक पेठ वसवावयास आले नव्हते. ज्या शेतात घाम गाळावयाचा ते आपले असावे, एवढ्यासाठी आले होते. ते त्यांनी मिळविले आणि त्यांतील कित्येकांच्या वंशजांनी पिढ्यान्‌पिढ्या राखले. येथे एक गोष्ट बोलून दाखविणे आम्हांस प्राप्त आहे. आमच्यासारख्या घराण्यांतून जमीन ही बहुधा दुसऱ्याने कसावयाची वस्तू होती. कुळकायद्याने ती गेली तेव्हा घराघरांतून जी हळहळ झाली ती आम्ही लहानपणी कानांनी ऐकली आहे. परंतु कुदळीने हरळी उलथून मिळविलेल्या जमिनीचा लोभ हा निराळाच असला पाहिजे. महात्मा फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ, अमेरिकेतील गुलामांस मुक्त करण्यासाठी झटलेल्या तेथील सज्जनांस अर्पण केला. त्यानंतर चारच वर्षांनी त्या मुक्त झालेल्यांपैकी ही तीनशे माणसे एलिसपासून चालू लागली होती. अर्पणपत्रिका आमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. ज्यांच्या मुक्तीचा तेथे उल्लेख आहे त्यांचे पुढे काय झाले, हे विचारावयाचे मात्र आमच्या मनात क्वचितच आले.

गाव आजही आहे. १९७६ साली त्यास राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान मिळाला. १९९६ साली ते राष्ट्रीय उद्यान-खात्याच्या देखरेखीखाली आले. कचेरी, हॉटेल, दोन देवळे व शाळा अशा पाच जुन्या इमारती त्यात मोडतात. दरवर्षी जुलैच्या अखेरीस तेथे घरवापसीचा उत्सव भरतो. त्याचे मूळ १८७८ पासूनचे. आणि मौज अशी की, तो मूळचा अमेरिकेच्या नव्हे, तर ब्रिटिशांच्या वेस्ट इंडीज बेटांतील १ ऑगस्ट १८३४ च्या गुलाम-मुक्तीचा स्मरणदिन. त्या दिवसांत देशभर पांगलेले शेकडो वंशज मुलाबाळांसह येतात, पंगती झडतात, आत्या-मावश्या वंशावळी जुळवितात, पोरे धुळीत माखतात. ज्या घरांतून वर्षाकाठी कुलदैवताच्या यात्रेस सारे भाऊबंद एकत्र जमतात, त्यांस याचे वर्णन अधिक करून सांगावयास नको.

व्हेरिल स्वित्झर हे याच मातीत १९३२ साली जन्मले. १९५४ मध्ये अमेरिकी फुटबॉलच्या व्यावसायिक संघांनी नव्या खेळाडूंची निवड केली, तीत ग्रीन बे पॅकर्सने त्यांस चौथ्याच क्रमांकावर उचलले. पुढे कॅन्सस राज्य विद्यापीठात त्यांनी अनेक वर्षे मोठ्या हुद्द्यावर काम केले. २०२२ साली ते वारले. एवढे नाव मिळवूनही निकोडेमसची जमीन त्यांनी सोडली नव्हती. तेथे गहू पेरला जात असे.