ताळा

संध्याकाळची वंदना आटोपली की वसतिगृहाच्या लांब सभागृहात अभ्यासाचा तास भरत असे. गणिताचे गुरुजी रांगेतून फिरत. उत्तर बरोबर आले तरी ते समाधान मानीत नसत. ‘ताळा कुठे आहे?’ एवढेच विचारीत. त्याच सभागृहात रविवारी भन्तेजींनी आम्हांला कालाम सुत्ताचा आशय समजावून सांगितला होता. कोणी मोठ्याने सांगितले म्हणून नव्हे, तर स्वतः पारखून पटले तरच स्वीकारावे. ताळा आणि ही शिकवण एकच आहे, हे तेव्हा आम्हांला उमगले नव्हते. ते उमगायला बरीच वर्षे आणि बरेच पैसे लागले.

आम्ही एकाच तुकडीचे तिघे. अभियांत्रिकी व संख्याशास्त्राच्या पदव्या घेऊन पुण्यात नोकरीला लागलो आणि एकाच खोलीत राहू लागलो. शेअर बाजारातील व्यवहार संगणकाच्या आज्ञावलीकडून करून घेण्याचे, म्हणजे अल्गो ट्रेडिंगचे, आकर्षण तेथेच निर्माण झाले. एका खाजगी वर्गाची जाहिरात पाहून प्रत्येकी 60 हजार रुपये शुल्क भरले. आमच्यापैकी एकाच्या वडिलांनी त्यासाठी भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढली. बारा शनिवारांनंतर सोनेरी काठाचे प्रमाणपत्र आणि एक तयार आज्ञावली हाती आली. मागील दहा वर्षांत तिने किती नफा दिला असता, याचा आलेख डोंगरासारखा चढत गेलेला होता.

प्रत्यक्षात चार महिन्यांत आमचे एक लाखाचे भांडवल निम्म्यावर आले. त्याहून जड गोष्ट अशी की, आम्ही आमच्याच शाळेतील एका धाकट्या मुलाला त्या वर्गात पाठविले होते. आमच्यावर विश्वास ठेवून त्यानेही शुल्क भरले होते.

त्या दिवाळीत आम्ही गुरुजींना भेटलो. ते रागावले नाहीत. त्यांनी आलेख नीट पाहिला आणि विचारले, ‘हे उत्तर कितव्या प्रयत्नाचे?’ आमच्याजवळ उत्तर नव्हते. परतल्यावर आम्ही तिघे प्रथमच वही घेऊन बसलो. नियमांतील आकडे बदलून पाहताना आमच्या ध्यानात आले की, असंख्य जुळण्यांपैकी भूतकाळाशी नेमकी जुळणारी तेवढी आम्हांला दाखविली गेली होती. शिवाय आजच्या निर्देशांकात टिकून असलेल्या कंपन्याच दहा वर्षे मागे नेऊन तपासल्या होत्या. मध्येच बुडालेल्या वा गळालेल्या कंपन्यांचा हिशेब नव्हता. आणि खर्च तर धरलाच नव्हता. दिवसाला पाच वेळा खरेदी-विक्री, प्रत्येक वेळी दलाली व कर मिळून सुमारे 60 रुपये. म्हणजे रोज 300 आणि वीस दिवसांच्या महिन्यात 6000 रुपये. एक लाखावर दरमहा सहा टक्के आधी खर्चातच जाणार! हा ताळा इयत्ता सातवीचा विद्यार्थीही करू शकला असता.

सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने हा अनुभव आमच्यापुरता नाही, हे दाखवून दिले. आर्थिक वर्ष 2022 ते 2024 या तीन वर्षांत वायदे व ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी 93 टक्के लोक तोट्यात गेले. त्यांचा एकत्रित तोटा 1.8 लाख कोटी रुपयांहून अधिक होता. त्याच अभ्यासानुसार 2024 च्या आर्थिक वर्षात परदेशी संस्थांच्या नफ्यापैकी 97 टक्के नफा अल्गो व्यवहारांतून आला. अर्थात विद्या खोटी नाही. ती भांडवल, यंत्रणा आणि वर्षानुवर्षांचे प्रशिक्षण यांवर उभी असते. बारा शनिवारांवर नव्हे.

मग आम्ही पुन्हा पहिलीपासून आरंभ केला. सेबीने 2006 साली स्थापन केलेल्या एनआयएसएम या संस्थेची इक्विटी डेरिव्हेटिव्हजची परीक्षा दिली. शंभर प्रश्न, दोन तास, उत्तीर्ण होण्यास 60 टक्के आणि चुकीच्या उत्तराला गुणकपात. या प्रमाणपत्राने दलाली संस्थेत काम करण्याची पात्रता मिळते. नफ्याची हमी मिळत नाही, आणि ती संस्था तसे सांगतही नाही. पुढे आमच्यापैकी एकाने जोखीम व्यवस्थापनाची एफआरएम ही दोन भागांची आंतरराष्ट्रीय परीक्षा दिली व आज तो एका बँकेत जोखीम विभागात आहे. त्याचा अनुभव असा की, संभाव्यताशास्त्र, रेषीय बीजगणित आणि संगणकाची एखादी भाषा यांचा पाया पक्का असल्याशिवाय वरचे कोणतेही प्रमाणपत्र केवळ भिंतीची शोभा ठरते.

हे क्षेत्र आपले नव्हे, असे मात्र कोणी मानू नये. बाबासाहेबांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डी.एस्सी. मिळविली ती रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी. तो ग्रंथ 1923 साली प्रसिद्ध झाला. आपल्या मुलांनी वित्तशास्त्रात जावे, पण घाईने नव्हे, तयारीने जावे. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला जुगाराचे दुष्परिणाम सांगितले आहेत आणि मिळकतीचे चार भाग करून एक भाग संकटकाळासाठी राखण्याचा उपदेशही केला आहे. त्या वडिलांच्या निधीतील रक्कम हा तोच राखलेला भाग होता. ही गोष्ट आम्हांला आजही बोचते.

म्हणून पालकांना विनंती की, अशा वर्गाचे शुल्क भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हे प्रमाणपत्र नेमके कोणत्या कामासाठी ग्राह्य आहे? दाखविलेल्या नफ्यातून सर्व खर्च वजा केला आहे काय? आणि आज्ञावलीतील नियम गुप्त ठेवले असतील, तर ती देणारा सेबीकडे संशोधन विश्लेषक म्हणून नोंदणीकृत आहे काय? सेबीच्या फेब्रुवारी 2025 च्या परिपत्रकाने ही नोंदणी आवश्यक केली आहे.

त्या धाकट्या मित्राचे शुल्क आम्ही तिघांनी दरमहा हप्त्याने परत केले. तो घेत नव्हता. आम्ही आग्रह धरला. आता महिन्यातील एका रविवारी आम्ही शाळेत येतो आणि नववी-दहावीच्या मुलांना टक्केवारी, सरासरी व संभाव्यता शिकवितो. बाजाराचे नाव काढीत नाही. गणित सुटले की आम्हीही रांगेतून फिरतो आणि विचारतो, ताळा कुठे आहे?

जय भीम. नमो बुद्धाय.