काळा, अजून काळा आणि बाबांचा रिमोट

तर झालं असं, की २०२५ च्या दसऱ्याला डोंबिवलीच्या घरी नवीन टीव्ही घ्यायचं ठरलं. २२ सप्टेंबरपासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला होता, आणि जुना एलसीडी अकरा वर्षांचा म्हातारा झाला होता. मी राहतो ठाण्यात, कासारवडवलीला. आई-बाबा डोंबिवली पूर्वेला, फडके रोडच्या मागच्या गल्लीत. टीव्ही निवडायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं, कारण 'तो कॉम्प्युटरमधला आहे ना'.

कॉम्प्युटरमधला माणूस जे करतो ते मी केलं. एक्सेल शीट उघडली. काळा रंग किती काळा याला ४० मार्क, हालचाल कशी दिसते याला २५, बाकी आवाज, वॉरंटी वगैरे. शेवटी दोन उमेदवार उरले, दोन्ही ५५ इंची. एक ओलेड आणि एक मिनी एलईडी. किमतीत चाळीसेक हजारांचा फरक, पण पैसे मी देणार होतो आणि मला ओलेडच हवा होता. शीट फक्त मनाची समजूत काढायला होती, हे आत्ता कबूल करतो.

ओलेडचं प्रेम कशासाठी, तर प्रत्येक पिक्सेल स्वतःच दिवा असतो. काळा दाखवायचा म्हणजे दिवा बंद. एलसीडीत मागे कायम उजेड असतो आणि पुढचं पॅनल तो अडवायचा प्रयत्न करतं, थोडा गळतोच. म्हणून अंधारातला सीन राखाडी दिसतो. 'तुंबाड' (२०१८) जुन्या टीव्हीवर पाहिलेल्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. पाऊस, वाडा, कंदील, आणि वाड्यातला सगळा अंधार पातळ ताकासारखा.

आता दुसरी बाजू. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा. ६० हर्ट्झच्या टीव्हीत २४ चा भाग जात नाही, मग एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा असं करत गाडं ओढावं लागतं आणि कॅमेरा फिरला की चित्र अडखळतं. १२० हर्ट्झच्या पॅनलवर २४ चा भाग बरोबर पाच वेळा जातो, तो प्रश्न मिटला. पण ओलेडवर वेगळीच गंमत होते. त्याचे पिक्सेल इतके झटपट बदलतात की प्रत्येक फ्रेम ४२ मिलिसेकंद दगडासारखी उभी राहते आणि मग टुणकन उडी. हिशेब सोपा आहे. ५५ इंची पडदा १२२ सेंटिमीटर रुंद. एखादं झाड या टोकाहून त्या टोकाला पाच सेकंदांत गेलं तर १२० फ्रेम, म्हणजे दर फ्रेमला एक सेंटिमीटरची उडी. ती दिसते. (कॅमेरामन लोकांचा ठोकताळा आहे की यापेक्षा सावकाश, सात सेकंद तरी लावा.) एलसीडीचे पिक्सेल आळशी, उडी मारताना थोडे फराटे ओढतात, त्यात ती झाकली जाते. आळसाचा फायदा!

मग टॉकीजमध्ये हे का खुपायचं नाही? कारण प्रोजेक्टरचं शटर एकच फ्रेम निदान दोनदा दाखवायचं आणि मध्येमध्ये चक्क अंधार करायचं. डोळ्याला सवड मिळायची. आजचा टीव्ही सवड देत नाही.

यावर कंपन्यांचा उपाय म्हणजे मोशन स्मूदिंग. दोन फ्रेमच्या मधल्या फ्रेम टीव्ही स्वतःच्या मनाने बनवतो आणि घालतो. हालचाल लोण्यासारखी होते, आणि सिनेमा 'चार दिवस सासूचे'सारखा दिसायला लागतो. २०१८ मध्ये टॉम क्रूझने व्हिडिओ काढून लोकांना हे बंद करा म्हणून सांगितलं होतं. २०१९ मध्ये तर ते सगळं एका झटक्यात बंद करणारा फिल्ममेकर मोड जाहीर झाला. मी या पंथाचा कडवा माणूस. कुणाच्या घरी गेलो की चहा येईपर्यंत त्यांच्या टीव्हीचं स्मूदिंग बंद करून मोकळा :)

डोंबिवलीच्या टीव्हीवरही दर रविवारी बंद करायचो. पुढच्या रविवारी परत चालू. मला वाटायचं लाइट गेली की सेटिंग उडतात. कंपनीला मनातल्या मनात बऱ्याच शिव्या घातल्या. आईला विचारलं तर ती म्हणाली, मला ते रिमोटचं काही कळत नाही बाई.

याच काळात बाबांनी सिनेमे बघणं कमी केलं होतं. बाबा म्हणजे गुरुदत्तचे भक्त. 'प्यासा'मधला सभागृहाच्या दारातला तो उभा माणूस आणि 'कागज के फूल'मध्ये व्ही. के. मूर्तींनी आरशांनी ऊन परतवून स्टुडिओत पाडलेला तो उजेडाचा झोत, यावर ते तास तास बोलायचे. टिळक टॉकीजच्या आठवणी वेगळ्याच. आणि आता म्हणायचे, "नको रे, कंटाळा येतो, बातम्या लाव." आम्ही म्हटलं वय झालं. पंचाहत्तरी गाठली की माणसाची आवड बदलते वगैरे. घरात दोन शिकलेली मुलं, आणि हा आमचा निष्कर्ष.

जुलैत चष्म्याचा नंबर बदलायला म्हणून त्यांना घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, "काका, रात्री समोरून गाडी आली की दिव्यांचा त्रास होतो?"

"होतो की. दोन वर्षं झाली."

मी शेजारीच बसलो होतो. त्या दोन वर्षांत मीच कितीदा त्यांना रात्री स्टेशनवरून रिक्षाशिवाय चालत घरी आणलं होतं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मोतीबिंदूत नुसतं धूसर दिसत नाही, उजेड आणि अंधार यांतला फरकच मिटत जातो. म्हणजे मी ज्याला ४० मार्क दिले होते तीच गोष्ट त्यांच्या डोळ्यातून गेली होती आणि मी पॅनलचे आकडे वाचत होतो. परत येताना रिक्षात म्हणाले, "तू ते सेटिंग बंद करायचास ना, मग माणसं हलली की मला चेहरेच लागायचे नाहीत. तू गेलास की मी लावून घ्यायचो."

"सांगायचं ना बाबा."

"तुला ते तसं आवडत नाही ना."

यावर काय बोलणार. घरडा सर्कलला ट्रॅफिक होता, तो बघत बसलो.

दोन्ही ऑपरेशनं ऑगस्टअखेर झाली. भिंत पांढरी आहे हे त्यांना नव्याने कळलं. इतके दिवस ती क्रीम आहे समजत होते.

मग दसऱ्याच्या आधी त्यांना घेऊनच घोडबंदर रोडवरच्या एका शोरूममध्ये गेलो. तिथे सगळे टीव्ही भडक मोडमध्ये, मोर आणि स्ट्रॉबेऱ्या. सेल्समनला स्मूदिंग बंद करायला सांगितलं तर तो "सर, मग ते अटकतं" म्हणाला. खरंच होतं त्याचं. ओलेडवर बाबांनी पाच मिनिटं बघितलं, सुंदर आहे म्हणाले, आणि विचारलं, "यात आपण दोघं का दिसतोय?"

काच. आरशासारखी चकचकीत काच. आणि मला डोंबिवलीचा हॉल आठवला. दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन, आणि तिन्हीसांजेपासून रात्री दहापर्यंत ट्यूबलाइट. ती बंद करायची सोय नाही, आई त्याच उजेडात भाजी निवडत मालिका बघते. घरी येऊन हिशेब केला. खोलीत समजा १५० लक्स उजेड, पडद्यावरून त्यातला २ टक्के पसरून परत आला, तर काळ्यावर साधारण १ निट उजेड नुसता आपल्या ट्यूबचा. मिनी एलईडीच्या पॅनलमधून गळणारा उजेड त्याच्या दहाव्या हिश्शाहून कमी. म्हणजे ट्यूब चालू असताना त्या चाळीस हजारांच्या काळ्यावर आमचीच ट्यूब चुना फासणार. शिवाय आईचं न्यूज चॅनल दिवसभर, खाली तीच लाल पट्टी. ओलेडवर अशा पट्टीचा डाग कायमचा बसू शकतो.

मिनी एलईडी घेतला. मागच्या दिव्यांचे शेकडो कप्पे वेगवेगळे मंद होतात, त्यामुळे काळा बराच काळा. कंदिलाभोवती अंधारात थोडी धुरकट प्रभा दिसते, नाही असं नाही. मला दिसते. बाबांना दाखवली तर म्हणाले, "कंदिलाला असतेच ती."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री आई झोपल्यावर आम्ही ट्यूब बंद करून 'कागज के फूल' लावला. स्मूदिंगचा स्लायडर ० ते १०. मी ० म्हटलं, त्यांनी ६. घासाघीस करून ३ वर आलो. तो झोत आला तेव्हा बाबा पुढे सरकून बसले आणि म्हणाले, "धूळ दिसतेय बघ त्यात." मग बराच वेळ दोघंही काही बोललो नाही.

गेल्या रविवारी गेलो तेव्हा स्लायडर ४ वर होता. मी आपला चहा घेतला.