सात दिवस आधीची ओळ

प्रत्येक घरात एक माणूस असा असतो, ज्याच्या डोक्यात सगळ्यांच्या तारखा असतात. विम्याचा हप्ता कधी भरायचा, कुणाच्या मुलीचा निकाह कोणत्या महिन्यात आहे, कुणाचे पैसे कधी परत करायचे. बाकीचे त्याच्या भरवशावर निर्धास्त असतात. आमच्या सोलापूरच्या घरात तो माणूस म्हणजे अब्बा. चादरींच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर हिशेब लिहिला. कारखान्याची वही कागदावर असायची, घराची वही मात्र त्यांच्या डोक्यात.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितले, की त्यांची स्मरणशक्ती हळूहळू कमी होत जाईल. अम्मीला त्यांच्या तब्येतीची काळजी होती. मलाही ती होतीच. पण आणखी एक विचार झोपू देईना. ही डोक्यातली वही मिटली, तर तिच्यात ज्यांची देणी आहेत त्यांचे काय?

मी संगणक शिकवते. माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आहे आणि त्यात ‘रिमाइंड’ नावाचा एक छोटा प्रोग्राम आहे. कॅनडातील डायान स्कॉल यांनी तो लिहिला. तीस वर्षांहून अधिक काळ तो वापरात आहे. त्याला चित्रे नाहीत, बटणे नाहीत, इंटरनेटही लागत नाही. एक साधी फाइल असते. एका आठवणीला एक ओळ. ओळीच्या सुरुवातीला आर-ई-एम ही तीन अक्षरे, मग तारीख, मग निरोप. निरोप मराठीतही चालतो. टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर प्रोग्रामचे नाव टाइप केले की आजच्या दिवसाच्या ओळी समोर येतात. आमच्या घरात त्याला ‘काळी पाटी’ म्हणतात.

वर्ष न घालता तारीख लिहिली, तर ती ओळ दरवर्षी येते. वर्ष घातले, तर त्या दिवसानंतर ती पुन्हा दिसत नाही. वाराचे नाव लिहिले, तर दर आठवड्याला येते. अब्बांचे इंजेक्शन दर 28 दिवसांनी असते. पहिली तारीख आणि चांदणीच्या खुणेपुढे 28 लिहिले, की पुढचे मोजण्याचे काम त्याचे. मला सगळ्यात मोलाची वाटते ती अधिकची खूण. तारखेपुढे अधिक 7 लिहिले, तर आधीचे सात दिवस ती ओळ रोज दिसते. हप्ता भरायच्या दिवशी सकाळी आठवण झाली आणि खात्यात पैसे नसले, तर त्या आठवणीचा उपयोग काय? काम झाले की नाही, हे मात्र त्याला कळत नाही. ते आपल्याला पाहावे लागते.

मग रोज मगरिबनंतर मी अब्बांजवळ बसू लागले. एका बैठकीत चार-पाच तारखाच विचारायच्या, जास्त नाही. थकले की थांबायचे. ते सांगत, मी टाइप करी. शेवटी वाचून दाखवले की ते हिशेबनिसाच्या सवयीने म्हणत, “बरोबर. पुढे.”

हिजरी तारखांशी आले, की जरा जास्त काम पडते. चांद्र वर्ष 354 किंवा 355 दिवसांचे, म्हणून अब्बांची जकातीची तारीख, रजबची 12, इंग्रजी कॅलेंडरात दरवर्षी साधारण 11 दिवस मागे सरकते. म्हणून तिच्यासाठी मी दरवर्षी वर्षासहित नवी ओळ लिहिते. महिना 29 चा की 30 चा, हे चाँद दिसल्यावरच ठरते. आधी अंदाजाची तारीख घालायची आणि रजबच्या चाँदची खबर आली, की गरज पडल्यास एका दिवसाने बदलायची. अमावास्या कधी हे प्रोग्राम गणिताने सांगू शकतो. चाँद पाहायला गच्चीवर जाणे आपल्याकडेच राहते.

“एवढा खटाटोप कशाला, एक इंग्रजी तारीख धर ना,” असे धाकटा भाऊ म्हणाला. उत्तर अब्बांनीच दिले, तेही बोटांवर मोजून. 33 इंग्रजी वर्षांत जवळजवळ 34 हिजरी वर्षे बसतात. जो इंग्रजी तारीख धरून दरवेळी तेवढाच अडीच टक्के काढतो, त्याच्या हातून तेवढ्या काळात एका वर्षाची जकात राहून जाते. ज्या गरिबाचा तो हक होता, त्याला ते कधी कळतही नाही. अब्बांचा तो दिवस चांगला होता.

असेच एका संध्याकाळी ते बोलता बोलता थांबले. म्हणाले, “बेटा, आणखी एक लिही. कुणाला सांगितलेलं नाही.” कारखान्यातल्या एका विणकराने मुलीच्या निकाहसाठी त्यांच्याकडे थोडे थोडे करून पैसे ठेवायला दिले होते. निकाह शव्वालमध्ये होता. पैसे कपाटात, जुन्या हिशेबाच्या वह्यांमागे, एका पाकिटात होते. अम्मीलाही माहीत नव्हते. मी ओळ लिहिली आणि पुढे अधिक 15 घातले.

शव्वालपर्यंत अब्बांना त्या विणकराचे नाव आठवेनासे झाले होते. पाटीवर मात्र ओळ आली. भाऊ पाकीट घेऊन त्यांच्या घरी गेला आणि समोर बसून पैसे मोजून दिले. अमानत पोहोचली. त्या गृहस्थांनी अब्बांसाठी दुआ केली. भावाने घरी येऊन ते सांगितले, तेव्हा अब्बा नुसते हसले.

आता फाइलीत 60 च्या वर ओळी आहेत. दर महिन्याला पूर्ण महिन्याचा तक्ता छापून अम्मी स्वयंपाकघरातल्या कपाटावर चिकटवते, कारण फाइल एकट्या माझ्याच हातात राहिली, तर पुन्हा तीच गत. भावालाही ती उघडायला शिकवली आहे.

तुमच्याकडे लिनक्स नसेल, तर शंभर पानी वही पुरे. पण तुमच्या घरातले ते डोके कोणाचे आहे, हे ओळखा आणि त्यांना बरे वाटत असेल अशा संध्याकाळी जवळ बसा. पहिला प्रश्न वाढदिवसांचा नको. विचारा, “कुणाचं काही आपल्याकडे आहे का?”