अडीचशे वॅटची पोटभाडेकरू

रंग काळा किंवा चंदेरी. व्यास वीतभराहून थोडा कमी, वजन अडीच-तीन किलो. चेहरा म्हणावा असं काही नाही. दोन्ही बाजूंना बाहेर आलेली एक्सलची टोकं आणि त्यातल्या एका टोकातून निघालेली जाडशी केबल, एवढंच. सायकलच्या मागच्या चाकाच्या मधोमध ती बसते आणि बसली की फ्रीव्हीलच्या आड निम्मीशिम्मी झाकून जाते. कोथरूडमध्ये कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या स्कूटरवाल्याला ती दिसतही नाही. सिग्नल सुटतो, पांढऱ्या केसांचे एक आजोबा पायडलवर फारसा जोर न देता रिक्षाच्या पुढे निघून जातात, तेव्हा कुठे तो वाकून चाकाकडे बघतो.

ही हब मोटर. जुन्या सायकलला विजेची करण्याचं जे किट मिळतं, त्यातली कर्ती बाई. तिला स्वतःचं घर नाही. दुसऱ्याच्या सायकलीत जागा मागून राहणारी ही पोटभाडेकरू, आणि येताना बिऱ्हाड मात्र दांडगं आणते: कंट्रोलरची डबी, मुठीत पिरगाळायचा थ्रॉटल, वायर निघालेले दोन ब्रेक लिव्हर, पायडलच्या दांड्यावर चढवायची लोहचुंबकांची चकती, चार्जर आणि कुठून कुठे जाते हे पहिल्या दिवशी कुणालाच न कळणाऱ्या वायरींचा गुंता. खोक्यात बहुतेक वेळा बॅटरी नसते. ती वेगळी घ्यावी लागते, आणि स्वस्त किटचा हिशोब फिसकटतो तो तिथेच.

घरमालक बहुधा पार्किंगमध्ये असतो. डहाणूकर कॉलनी असो, मयूर कॉलनी असो, नाहीतर वनाजजवळची एखादी उंच इमारत. जिन्याखाली एक तरी सायकल धूळ खात पडलेली सापडतेच. कधी मुलाला दहावीनंतर घेतलेली गिअरची, कधी वडिलांची काळी, उंच, रॉडब्रेकची. पुणं हे सायकलींचं शहर होतं, हे आपण अजून अभिमानानं सांगतो. महापालिकेनं 2017 मध्ये शहराचा सायकल आराखडाही मंजूर केला. पण शेजारच्या कर्वेनगरात सहवास सोसायटीत विक्रम पेंडसे यांनी सायकलींचं संग्रहालय उभं केलं, तेही याच शहरात. संग्रहालय सुरेख आहे, अवश्य बघावं. पण एखादी वस्तू संग्रहालयात पोचली म्हणजे रस्त्यावर तिचं काय चाललंय, हे निराळं सांगायला नको.

आपल्या या बाईंचं घराणं मात्र जुनं. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन नावाच्या माणसाला मागच्या चाकातच विजेची मोटर बसवलेल्या सायकलचं पेटंट मिळालं, ती तारीख 31 डिसेंबर 1895. म्हणजे आज ‘नवीन टेक्नॉलॉजी’ म्हणून जी विकली जाते तिची कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. नवं काय असेल तर तिला पुरेल अशी हलकी बॅटरी. आपल्याकडे सायकल आणि मोटरसायकल यांच्या सीमेवर पाय रोवून उभी राहिली ती लूना. फिरोदियांच्या कायनेटिकनं 1972 साली ती आणली: पन्नास सीसीचं इंजिन आणि वर पायडलही. 2024 मध्ये लूना विजेवर परत आली. आणि मोठ्या कंपन्यांनी या वाटेकडे वळायच्या कितीतरी आधी फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी सायकलरिक्षाला विजेची मोटर जोडून बघत होते. माणसानं माणसाला ओढताना निदान छाती फुटू नये, हा त्यामागचा विचार. कोथरूडच्या आजोबांच्या गुडघ्यांचा प्रश्न त्याच जातीचा, थोड्या सुखवस्तू घरातला.

स्वभाव सांगायचा तर आधी तिच्या पोटात डोकवायला हवं. झाकणाचे स्क्रू काढले की आत तीन पांढरे नायलॉनचे गिअर दिसतात. आतली मोटर वेगानं फिरते, हे गिअर तो वेग चार-पाच पटींनी कमी करून चाकाला देतात आणि त्याच हिशोबानं जोर वाढवतात. सोबत एक क्लच असतो. त्यामुळे वीज बंद केली तर ती चाकाला अडवत नाही. आपण आपले पायडल मारत जावं. बॅटरी वाटेत संपली तरी घरी येता येतं, हा तिचा सर्वांत मोठा गुण. हिची एक बिनगिअरची बहीण आहे, जास्त वजनदार आणि जास्त टिकाऊ. उतारावर ती थोडी वीज बॅटरीत परतही टाकते. पण वीज नसताना तिला ओढत नेणं म्हणजे शिक्षा. नायलॉनचे दात कालांतरानं झिजतात हे खरं, पण ते बदलता येतात.

स्वस्तातला एक भाऊही आहे. चोवीस व्होल्टचा, कार्बन ब्रशवाला. तो चाकात राहतच नाही. मागच्या नळ्यांना पट्टी लावून बाहेर लटकतो आणि स्वतःच्या वेगळ्या चेननं चाक ओढतो. किंमत कमी, दुरुस्ती सोपी, आवाज भरपूर. पट्टी जरा हलली की चेन उतरते. सपाट गावात दुधाचे कॅन नेणाऱ्याला तो पुरेसा आहे. कर्वे रोडच्या गर्दीत उतरलेली चेन बसवत कडेला उभं राहायची ज्याची तयारी असेल, त्यानं तो घ्यावा.

सपाटीवर आपली बाई गुणी. नळ स्टॉपकडे जाताना तर तिला काही करावंच लागत नाही, रस्ताच खाली जातो. खरी ओळख परतताना होते. इथे तिचा एक भाबडेपणा सांगायला हवा. पायडलजवळची ती चुंबकांची चकती फक्त एवढंच ओळखते की पायडल फिरतंय. किती जोरानं फिरतंय, हे तिला कळत नाही. तुम्ही पाय नुसते हवेत फिरवल्यासारखे फिरवा, तिला वाटतं बिचारा कष्ट करतोय, आणि ती जीव तोडून ओढायला लागते. उलट चढावर तुम्ही खरोखर घाम गाळत असता, पाय हळू पडतात. तरी तिची मदत तेवढीच. जोर मोजणारा सेन्सर महाग किटमध्ये असतो. स्वस्त किट घेणाऱ्यानं हा भाबडेपणा गृहीत धरावा आणि चढ लागण्याआधीच सायकलचा गिअर हलका करून पाय चालते ठेवावेत.

आता चढ. पौड रोडनं कोथरूड डेपो मागे टाकून चांदणी चौकाकडे निघालात की हिचा चेहरा पडतो. समजा माणूस ऐंशी किलोचा, सायकल बॅटरीसकट पंचवीस किलोची, आणि दर शंभर मीटरला पाच मीटर चढ. ताशी 15 किलोमीटरनं वर जायचं तर चाकाला साधारण अडीचशे वॅट लागतात. कागदावर मोटर तेवढीच आहे. पण ती तेवढा जोर देते ते तिच्या सोयीच्या वेगाला; चाक फार मंदावलं की बॅटरीतली वीज गतीऐवजी उष्णता होऊन जाते. आतली तांब्याची गुंडाळी तापते, गिअर तापतात, आणि तिच्या हुंकाराचा सूर बदलतो. अशा वेळी साधारण प्रकृतीचा माणूस पायांनी सत्तर-ऐंशी वॅट सहज देऊ शकतो, आणि तेवढ्यानं तिचा जीव वाचतो. थ्रॉटल पूर्ण पिळून, पाय स्थिर ठेवून जो चांदणी चौक चढतो तो सायकल चालवत नाही, मोटर भाजतो.

म्हणून मग काही जण हजार वॅटची घ्यायला धावतात. अंगापेक्षा बोंगा मोठा. ज्या सायकलचे ब्रेक माणसाच्या पायांच्या वेगासाठी बनवले, तिच्या मागच्या चाकात हजार वॅट बसवणं हे धाडस नव्हे, बेपर्वाई आहे. शिवाय स्टिकरवरच्या वॅटला फार अर्थही नसतो. विक्रेत्याला कंट्रोलर किती अँपिअरचा आहे ते विचारावं. छत्तीस व्होल्ट आणि पंधरा अँपिअर म्हणजे बॅटरीतून पाचशे चाळीस वॅट खेचले जाऊ शकतात, स्टिकर काहीही म्हणो.

बॅटरीचा हिशोब त्याहून सोपा आहे आणि तोच कुणी करत नाही. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. 36 व्होल्ट, 10 अँपिअर-तास म्हणजे 360 वॅट-तास. थोडे पाय मारले तर किलोमीटरला दहा वॅट-तासांच्या आसपास लागतात, म्हणजे पस्तीसेक किलोमीटर झाले. कोथरूड डेपो ते डेक्कन जाऊन-येऊन बाराएक किलोमीटर. तेवढ्यासाठी साडेसात अँपिअर-तासांची बॅटरीही पुष्कळ झाली. मोठी घेऊन उरलेली क्षमता रोज वाहून नेण्यात शहाणपण नाही. मात्र शिसं-आम्लाच्या दोन बॅटऱ्या ‘स्वस्तात’ देणाऱ्यापासून दूर राहावं. बारा व्होल्टच्या, सात अँपिअर-तासांच्या दोन मिळून चार किलोंहून जड होतात, कागदावर 168 वॅट-तास देतात, आणि रोज तळापर्यंत वापरल्या तर लवकर मान टाकतात. लिथियमची घ्यावी, पण निळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, बनवणाऱ्याचं नाव नसलेली नव्हे. आतल्या सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट आहे का, वॉरंटी लेखी आहे का, ते बघावं. छत्तीस व्होल्टच्या लिथियम-आयन बॅटरीचा चार्जर बेचाळीस व्होल्टचा असतो. दुसरा कुठला ‘बसतोय की’ म्हणून लावू नये. आणि रात्री घराच्या दाराशी, बाहेर पडायच्या एकमेव वाटेवर चार्जिंगला लावून झोपू नये.

चार्जिंगवरून सोसायटीत वाद होतात ते निराळेच. पार्किंगमधल्या प्लगचं बिल कुणी भरायचं, यावर सर्वसाधारण सभेत तासभर चर्चा होऊ शकते, आणि वीज लागते ती एका वेळी अर्ध्या युनिटहून कमी. बॅटरी काढून वर घरी नेता येईल अशी असावी, सभेचा वेळ वाचतो.

गृहप्रवेशाचा प्रसंग सायकलवाल्याच्या टपरीवर बघावा. सायकल उलटी, चाक बाहेर, मोटर फडक्यावर. आजोबांची काळी सायकल असेल तर पहिल्याच मिनिटाला अडतं.

“काका, मोटर छत्तीस भोकांची आहे, तुमची मागची रिम चाळीसची. तारा कशा टाकू?”

“मग आता?”

“नवी रिम घ्यावी लागेल. आणि हे रॉडचे ब्रेक काढू.”

“अरे, चाळीस वर्षं चाललेत ते!”

“तेव्हा सायकल तुम्ही चालवत होतात, काका.”

पुढचं अडणं रुंदीचं. गिअरच्या सायकलला मागच्या दोन नळ्यांमधलं अंतर बहुधा 135 मिलिमीटर असतं, आणि बऱ्याच मोटरी तेवढ्यासाठीच बनवलेल्या असतात. जुन्या काळ्या सायकलचं अंतर कमी. लोखंडी नळ्या जाणता कारागीर थोड्या फाकवून देतो. ॲल्युमिनियमच्या सायकलवर हा प्रयोग करू देऊ नये, नळी तडकते. मग येते एक्सलची पट्टी, टॉर्क आर्म. सगळ्या बिऱ्हाडातली ही सर्वांत स्वस्त वस्तू आणि तीच ‘नसली तरी चालतं’ म्हणून वगळली जाते. मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा एक्सल उलट फिरायला बघतो. त्याला धरणारी ही पट्टी नसेल तर एक दिवस एक्सल खाचेतून सुटतो, वायरी पिळून तुटतात, आणि चाक कुठे जाईल ते सांगता येत नाही. पुढच्या चाकात बसणारी मोटर जरा स्वस्त आणि सोपी असली तरी मला ती याच कारणानं पसंत नाही. पुढचा चिमटा असं ओढलं जाण्यासाठी केलेलाच नसतो, आणि पावसात ओल्या चढावर पुढचं चाक जागीच फिरतं.

शेवटी वायरी. पिवळी, हिरवी, निळी अशा तीन जाड आणि पाच बारीक. जोडणी चुकली की बाई थरथरते, गुरगुरते किंवा उलटी फिरते. बरोबर जुळली की उचललेलं चाक बारीक गुणगुणत फिरायला लागतं, आणि टपरीभोवती जमलेले चार रिकामटेकडे मागे सरकतात. ब्रेक लिव्हरमधून निघणाऱ्या वायरी तेवढ्या कारागिराला आठवणीनं जोडायला सांगाव्यात. ब्रेक दाबताच मोटर बंद होते ती त्यांच्यामुळे. जोडण्या तोंड खाली करून ठेवाव्यात, म्हणजे जुलैमध्ये पाणी वायरीवरून ओघळून आत जात नाही.

कायद्याचं म्हणाल तर निवाडा करणाऱ्यांपैकी एक कोथरूडच्या डोक्यावरच बसलेला आहे. वेताळ टेकडीवरची एआरएआय, 1966 पासूनची, देशातल्या वाहनांची अधिकृत तपासणी करणाऱ्या संस्थांपैकी एक. सकाळी फिरायला जाणारे निम्मे कोथरूडकर त्या टेकडीला तिच्याच नावानं ओळखतात. केंद्रीय मोटार वाहन नियमावलीप्रमाणे पायडलच्या सायकलला मदत करणारी मोटर पाव किलोवॅटच्या आत हवी, ताशी 25 किलोमीटरला किंवा पायडल थांबताच तिची मदत थांबायला हवी, बॅटरी सोडून वजन साठ किलोंच्या आत हवं, नीट ब्रेक आणि प्रकाश परतवणाऱ्या पट्ट्या हव्यात, आणि हे सगळं तपासणी संस्थेनं मान्य केलेलं हवं. तरच ते वाहन ‘मोटार वाहन’ धरत नाहीत. नियम वाचला की निव्वळ थ्रॉटलवर पळवण्याचा उत्साह मावळावा अशी अपेक्षा आहे. विक्रेत्याकडे मान्यतेचा कागद मागावा. तो कसं उत्तर देतो त्यावरूनही बरंच कळतं.

तर कोथरूड ते डेक्कन, फार तर स्वारगेट, एवढाच पल्ला असेल तर मागच्या चाकातली, गिअरवाली, छत्तीस व्होल्टची, अडीचशे वॅटची मोटर घ्या. स्वस्तात यापेक्षा बरी सोबत मिळायची नाही. रोजचं जाणं-येणं चांदणी चौकापलीकडे भूगावला असेल तर हिच्या वाटेला जाऊ नका. पायडलच्या दांड्यापाशी बसणारी आणि सायकलचेच गिअर वापरणारी मिड-ड्राइव्ह महाग पडते, पण तो चढ तिचा आहे. आणि काहीही ठरवलंत तरी पैसे भरण्याआधी नुसती सायकल घेऊन कारागिराकडे जा. रिमची भोकं, मागची रुंदी आणि ब्रेकची अवस्था त्याला बघू द्या. ब्रेक बदलायला सांगितले तर किट एक महिना लांबवा आणि ब्रेक आधी बदला.