दिवाडी ते नार्वे : देव गेला त्या वाटेने

बेळगाव-खानापूरकडची माणसे गोव्याला जातात म्हणजे नेमकी कुठे जातात, हे सांगायला नको. चोर्ला घाट उतरला, केरी-साखळी मागे पडली की गाडी एकतर कळंगुटच्या समुद्राकडे वळते, नाहीतर मंगेशी-शांतादुर्गेकडे. वाटेतली डिचोली आपण चहा-भजीपुरती ओळखतो. याच डिचोली तालुक्यात मांडवीच्या काठी नार्वे नावाचे गाव आहे. तिथे झाडीत श्री सप्तकोटीश्वराचे देऊळ आहे, आणि या देवाशी आपल्या भागाचे नाते फार जुने आहे.

सप्तकोटीश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत. आपल्या खानापूर तालुक्यातली हलशी ही या कदंबांची दुसरी राजधानी होती. हलशीचे भूवराह नरसिंहाचे देऊळ आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलेले असेल. कित्तूरच्या बाजूला देगावचे कमलनारायण मंदिर आहे, ते कदंबांची राणी कमलादेवी हिने बांधविले. कदंबांच्या सोन्याच्या नाण्यांवर सिंह असे, आणि सप्तकोटीश्वराच्या प्रसादाने वर लाभलेला राजा असे बिरुद असे. गोव्याची कदंब बस आपण रोज पाहतो, तिचे नाव याच घराण्यावरून पडले. म्हणजे आज राज्ये दोन, भाषा दोन-तीन असल्या तरी देवाच्या दृष्टीने घाटावरचे आणि घाटाखालचे लोक एकाच घरचे.

देवाचे मूळ स्थान मात्र नार्व्याला नाही. ते नदीपलीकडे दिवाडी बेटावर होते, आणि तिथल्या त्या जागेचे नावही नार्वेच. चौदाव्या शतकात बहामनी आक्रमणात ते देऊळ पडले, विजयनगरच्या माधव मंत्र्याने पुन्हा उभे केले आणि १५४० मध्ये पोर्तुगीजांनी ते कायमचे पाडले. लिंग एका विहिरीच्या काठावर साधा दगड म्हणून लावले होते, असे सांगतात. पुढे भक्तांनी ते गुपचूप नदीपार डिचोलीच्या हद्दीत आणले. नव्या जागी देव आला, पाठोपाठ गावाचे नावही आले. छत्रपती शिवाजी महाराजांनी नोव्हेंबर १६६८ मध्ये या देवळाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा दिली. आता अलीकडे गोवा सरकारच्या पुरातत्त्व खात्याने देवळाचे मोठे काम हाती घेतले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ते भाविकांसाठी पुन्हा खुले झाले.

जुन्या गोव्याच्या धक्क्यापासून दिवाडी बेट ओलांडून नार्व्याच्या देवळापर्यंत पायी जाता येते. दोन फेरीबोटी आणि मधले चालणे. देव ज्या दिशेने गेला त्याच दिशेने आपण जायचे. ही कल्पना आमच्या घरात निघाली ती आमच्या अत्तेंमुळे. अत्ते म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचे माहेर हलशीच्या बाजूचे. वय चौऱ्याहत्तर, डावा गुडघा धरलेला, हातात काठी. दीर पन्नाशीचे. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे ते कुबडी घेऊन चालतात. दोघांचेही म्हणणे एकच : गाडीतून देऊळ पाहायचे नाही, चालत जायचे. तेव्हा आधी आपण जाऊन वाट पाहून येऊ, मग त्यांना नेऊ, असे मी आणि माझ्या यजमानांनी ठरवले. कॉलेजात शिकणारा मुलगा बरोबर होता. ही पाहणी नोव्हेंबरमध्ये केली. ती इथे मांडते आहे, कारण आपल्या घरोघरी असे एखादे म्हातारे माणूस किंवा अधू माणूस असते, आणि त्यांच्या चालण्याचा विचार करून लिहिलेले कुठे फारसे सापडत नाही.

पहिला टप्पा : धक्का आणि फेरीबोट

जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली उतरले की समोरच दिवाडीचा धक्का. पायी जाणाऱ्याला फेरीला तिकीट नाही. बोटीत चढताना मात्र जपावे लागते. धक्का म्हणजे पाण्यात उतरत जाणारा सिमेंटचा उतार. भरती असेल तर बोट वर लागते, दोन पावलांत आपण आत. ओहोटी असेल तर बराच खाली उतरावे लागते, आणि पाण्याखालून नुकताच उघडा पडलेला तो भाग शेवाळलेला, निसरडा असतो. बोटीचा लोखंडी फाळका आणि उतार यांच्यात वीतभर उंचीचा फरक राहतो. पुढून मोटारसायकली सुटतात त्या एकदम. पेडण्यात केरीहून तेरेखोलला फेरीने गेलेल्यांना हा अनुभव असेल. उपाय सोपा आहे. गाड्या आधी जाऊ द्याव्यात, आपण शेवटी चढावे आणि शेवटी उतरावे. धरायला कठडा असता तर हेही सांगावे लागले नसते.

दुसरा टप्पा : खाजनातला रस्ता

बेटावर उतरल्यावर रस्ता डांबरी आणि सपाट आहे. दोन्ही बाजूंना खारफुटी आणि खाजनाची शेते. खाजन म्हणजे खाडीचे खारे पाणी बांध घालून अडवून तयार केलेली जमीन. बांधात मानस असते, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायची झडप. कारवार-कुमठ्याकडे याच जमिनीला ‘गजनी’ म्हणतात, तिथे कग्गा भात होते, इथे कोरगुट. शब्द बदलला, शेती तीच. पक्षी भरपूर आहेत. मुलगा बगळे मोजता मोजता मागे राहिला.

पाहायला सुंदर, पण चालणाऱ्याला अवघड. पहिली गोष्ट, सावली नाही. खारफुटी रस्त्यावर सावली धरत नाही. नऊनंतर ऊन अंगावर येते. दुसरी गोष्ट, रस्ता अरुंद आणि कडेला चालायला जागा नाही. फेरी लागली की पाच मिनिटे वाहनांची रांग जाते, मग अर्धा तास सामसूम. त्या पाच मिनिटांत कुठेतरी उभे राहावे लागते, आणि कुबडी घेतलेल्या माणसाने कडेच्या मातीत उतरू नये. तिसरी गोष्ट, बसायला काही नाही. निरोगी माणसाला हे जाणवत नाही. गुडघा दुखणाऱ्याला दर अर्ध्या किलोमीटरला टेकायला जागा लागते. दुसरे काही नको, गुडघ्याइतक्या उंचीचा एक दगड पुरे.

तिसरा टप्पा : पिएदाद आणि कोटीतीर्थ

बेटाच्या मध्यावर पिएदाद गाव आहे. जुनी कौलारू घरे, अंगणातली झाडे, इथे सावली मिळते. टेकडीवर चर्च आहे आणि त्याच्या बाजूच्या दफनभूमीत एक लहान चॅपेल आहे. त्याचा कोरीव भाग कदंबकाळातल्या देवळाचा असे जाणकार मानतात. टेकडीवरून मांडवीचे पात्र आणि पलीकडे जुन्या गोव्याचे मनोरे दिसतात. चढ मध्यम आहे, पण सलग आहे. गुडघ्याच्या माणसाने ही टेकडी गाळली तरी वाट अडत नाही, खालून पुढे जाता येते.

पुढे बेटाच्या दुसऱ्या टोकाला जुने नार्वे. इथेच कोटीतीर्थाचे तळे आहे, देवळाची एवढीच ठळक खूण उरली. जांभा दगडाचे बांधकाम, झिजलेल्या पायऱ्या. पायऱ्यांची उंची एकसारखी नाही, म्हणून काठावरूनच पाहावे. तिथे उभे राहिले की एक गोष्ट मनात येते. देऊळ गेले, लिंग गेले, गावाचे नावसुद्धा नदीपार गेले, पण लोक ही जागा विसरले नाहीत. गोकुळाष्टमीला पलीकडच्या काठावर येऊन, या जागेकडे तोंड करून नदीत स्नान करण्याची प्रथा शतकानुशतके चालू राहिली.

चौथा टप्पा : पलीकडचे नार्वे

दुसरी फेरी लहान पल्ल्याची. उतरल्यावर आपण डिचोली तालुक्यात येतो. देवळाकडचा रस्ता आधी सपाट, मग वळणाचा आणि चढ-उताराचा. झाडी दाट असल्यामुळे ऊन लागत नाही. देवळाचे आवार प्रशस्त आहे. दीपस्तंभ, घुमटी शिखर, आत उतरते छप्पर आणि गाभाऱ्यात पैलू पाडलेले धारालिंग. उंबरे मात्र ओलांडावे लागतात.

आमच्या सवयीच्या पावलांनी, दोन फेऱ्या आणि थांबे धरून, सगळी वाट चार तासांत झाली. पाण्याच्या दोन बाटल्या तिघांत पुरल्या नाहीत.

अत्तेंना घेऊन

जानेवारीत अत्ते आणि दीर यांना घेऊन गेलो, तेव्हा बेत बदलला. पूर्ण वाट एका दमात त्यांना झेपणार नाही, हे नोव्हेंबरमध्ये दिसले होते. गाडी नार्व्याला देवळापाशी ठेवली. आधी दर्शन, मग सावलीतला रस्ता चालत धक्क्यापर्यंत, फेरीने पलीकडे कोटीतीर्थ आणि परत. म्हणजे खाजनातला उन्हाचा भाग आणि पिएदादची टेकडी दोन्ही वगळली.

अत्ते चढापाशी थांबल्या की आम्ही सगळेच थांबायचो. “घाई कशाला गं? निधान होगोण,” असे त्या म्हणायच्या. हळूहळू जाऊ. मी तर म्हणते, या वाटेचा नियमच तो असावा. दिरांना चढ सोपा गेला, उतार कठीण. धक्क्यावर ओहोटी होती. मुलगा त्यांच्या पुढे उलटा चालत उतरला, यजमान मागे. फाळक्यापाशी बोटीवरचा एक कर्मचारी आपणहून पुढे आला आणि त्याने हात दिला. दिरांना कोणी हात दिलेला आवडत नाही. त्यांनी त्याचा हात न धरता खांदा धरला आणि चढले. नंतर मला म्हणाले, “वहिनी, इथे एक लोखंडी नळी लावली असती तर मला कोणाचा खांदा लागला नसता.”

कोटीतीर्थाच्या काठी अत्ते बराच वेळ बसल्या. हलशीच्या देवळातली त्यांच्या लहानपणची जत्रा त्या सांगत होत्या, अर्धी मराठीत, अर्धी कन्नडमध्ये. मग त्यांनी विचारले, “ही नदी आपलीच ना?” हो, आपलीच. खानापूरच्या जंगलात उगम पावते तेव्हा ती म्हादई, इथे मांडवी. तिच्या पाण्याचा तंटा २०१८ सालच्या लवादाच्या निवाड्यानंतरही मिटलेला नाही, आणि त्यात कोणाची बाजू खरी हे या पानावर सांगायचा माझा अधिकार नाही. पण उगमाकडच्या बाईने नदीच्या मुखाजवळ बसून पाण्याला हात लावावा, एवढी तरी ओळख दोन्हीकडच्या लोकांना राहायला हवी, असे मला वाटते.

जाणाऱ्यांसाठी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. पावसाळ्यात धक्के आणि बांध निसरडे असतात, शिवाय घाटाचाही भरवसा नाही. निघण्याआधी भरती-ओहोटीच्या वेळा पाहाव्यात आणि भरतीच्या सुमारास फेरी गाठावी. सकाळी लवकर सुरुवात करावी. पाणी माणशी एक लिटर, टोपी, रबरी तळाची चप्पल किंवा बूट. स्वच्छतागृहाची सोय डिचोलीत किंवा जुन्या गोव्यात आधीच करून घ्यावी, वाटेवर भिस्त ठेवू नये. डिचोली ते नार्वे हा रस्ता मात्र चालू नये. डिचोलीच्या खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये बंद झाल्या होत्या, २०२४ पासून काम परत सुरू झाले आहे. वाहनांच्या रस्त्यावर म्हाताऱ्यांना चालवण्यात पुण्य नाही. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला सध्या देवळापर्यंत गाडीने जाता येईल, धक्क्यावर दोघांच्या मदतीशिवाय जाऊ नये.

अपंगांसाठी सुगम्य सोयी करण्याचा कायदा आपल्या देशात २०१६ पासून आहे. गोव्याने तर जानेवारी २०२३ मध्ये पणजीत अपंगांचा ‘पर्पल फेस्ट’ भरवून देशाला वाट दाखवली. ती वाट नार्व्याच्या धक्क्यापर्यंतही यावी. त्यासाठी मोठा प्रकल्प नको, कमानी नकोत, फरशा तर मुळीच नकोत. धक्क्याला एक कठडा, खाजनाच्या रस्त्यावर चार ठिकाणी बसायचे दगड, शेजारी एखादे सावलीचे झाड आणि दोन्ही काठांवर पिण्याचे पाणी. एवढ्याने ही वाट आजी-आजोबांची होईल. कठडा असलेला धक्का डोक्यावर भाताचे पोते घेऊन फेरीत चढणाऱ्या दिवाडीच्या बाईलाही उपयोगी पडेल.

तेव्हा पुढच्या वेळी चोर्ला उतरलात की डिचोलीत चहा घ्या आणि समुद्राकडे न वळता नार्व्याकडे वळा. पूर्ण वाट जमली तर उत्तमच. नाही जमली तर अर्धी चाला, आणि घरातल्या ज्येष्ठांना गाडीत बसवून ठेवू नका. दिरांनी उरलेली अर्धी वाट येत्या डिसेंबरसाठी राखून ठेवली आहे. अत्तेंनी काठीला नवे रबर बसवून घेतले आहे.