नोंदवहीची जागा

पालकवर्गापैकीं पुष्कळांना ठाऊक नसेल कीं, आपल्या शाळेचें संकेतस्थळ कोणीं उघडलें म्हणजे त्याची नोंद होत असते. ज्या संगणकावर हें संकेतस्थळ आहे, तेथें 'अपाची' नांवाचा सर्व्हर काम करितो. हा १९९५ सालीं प्रथम प्रसिद्ध झाला. इंटरनेटवरील कोणत्या पत्त्यावरून, किती वाजतां, कोणतें पान मागितलें गेलें व तें मिळालें कीं नाहीं, हें सारें तो एका ओळींत लिहून ठेवितो. पान न सांपडल्यास ४०४ हा अंक मांडितो. स्वतःच्या अडचणींची वही तो निराळी ठेवितो. आमचे वर्गनायक इतक्या नेटकेपणानें हजेरी घेतील तर आम्हांस फार बरें वाटेल!

डेबियन या लिनक्सप्रणालींत या वह्या 'व्हार'मधील 'लॉग' फोल्डरांत, 'अपाची२' या नांवाखालीं असतात. आमच्याकडे तीच डिस्क लहान, आणि निकालाच्या दिवसांत वही झपाट्यानें वाढते. डिस्क भरली तर संगणकाचीं इतर कामेंहि अडतात. सबब यंदा वह्या दुसऱ्या डिस्कवर हलविण्याचें आम्हीं ठरविलें.

दहावींतील एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, फाइल उचलून तिकडे ठेविली कीं झालें ना?" प्रश्न उत्तम होता, म्हणून सरावाच्या संगणकावर आम्हीं त्याला तसें करूंच दिलें. नव्या जागीं फाइल दिसली. पण तींत एकहि नवी ओळ पडेना. कारण असें कीं, एकदां वही उघडल्यावर सर्व्हर तिच्या नांवाकडे पाहत नाहीं. हातांतली वही तो सोडीत नाहीं. दुसऱ्या डिस्कवर गेली ती केवळ नक्कल. मूळ फाइलीचें नांव पुसलें गेलें, तरी सर्व्हर त्या निनांवी फाइलींतच लिहीत राहिला, आणि जुन्या डिस्कवरील जागाहि मोकळी झाली नाहीं. मुलें अर्धा तास त्या अदृश्य वहीचा शोध घेत होतीं. तो अर्धा तास आमच्या मतें सत्कारणीं लागला.

खरी रीत अशी : नवा फोल्डर आधीं तयार करावा, अपाची तो आपण होऊन करीत नाहीं, व न सांपडल्यास सुरूच होत नाहीं. मग व्यवस्थेच्या फाइलींत 'एररलॉग' व 'कस्टमलॉग' या आज्ञांपुढें नवा मार्ग लिहावा, 'कॉन्फिगटेस्ट'नें लेखन तपासावें, आणि सर्व्हर पुनः सुरू करावा. जुन्या वह्या बाजूस सारणाऱ्या 'लॉगरोटेट'लाहि नवी जागा कळवावी लागते.

हें काम दहा मिनिटांचें. वेळ लागला तो जागा निवडण्यांत. शिक्षकांच्या सामाईक फोल्डरांत वह्या ठेवाव्या, म्हणजे कोणासहि पाहतां येतील, अशी एका सहकाऱ्यांची सूचना होती. ती आम्हांस मान्य झाली नाहीं. अपाची या वह्या 'रूट' या सर्वाधिकाऱ्याच्या नांवानें उघडतो. म्हणून त्या फोल्डरांत ज्याला लिहितां येतें, त्याच्या हातीं तोच अधिकार जाण्याचा धोका असतो. शिवाय वाचण्याचाहि प्रश्न आहेच. फी-सवलतीचें पान मध्यरात्रीं कोणत्या पत्त्यावरून पुनःपुन्हा उघडलें गेलें, हें त्या वहींत दिसतें. अशा पत्त्यावरून घर ओळखणें नेहमीं शक्य नसतें. पण कधीं कधीं असतें. त्या घरानें आपली अडचण आम्हांस सांगितलेली नाहीं.

नवा फोल्डर रूटच्याच ताब्यांत ठेविला असून वाचण्याची मोकळीक व्यवस्था पाहणाऱ्या दोघांसच आहे. आमचे सहकारी अद्याप थोडे रुष्ट आहेत.